बाबांना घेऊन ग्रँड कॅन्यन: नाशिकहून तयारी, आणि एक राहून गेलेलं बोलणं

गोदातीर | १८ डिसेंबर, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. प्रवासाबद्दल मदत हवी आहे आणि थोडं मनातलंही लिहायचं आहे. धागा लांबला तर सांभाळून घ्या.

दादा फिनिक्सला असतो. बाबांचा व्हिसा त्याने गेल्या वर्षीच करून घेतला. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात मी बाबांना घेऊन जाणार आहे. बाकी अमेरिकेची त्यांना हौस नाही. "उंच इमारती नकोत, ती मोठी दरी तेवढी दाखव" एवढंच म्हणतात. वय ७५, डावा गुडघा दुखरा, रक्तदाबाची एक गोळी चालू. रोज सकाळी गोदापार्कला तासभर चालतात, पण चढ-उतार आला की थांबतात.

दक्षिण काठावर किती दिवस ठेवावेत? गुडघ्याला न दुखवता काय बघता येईल? आणि जाण्याआधी आपल्याकडेच एखाद्या घळीला नेऊन आणावं असं मनात आहे. कुठे नेऊ?

आता दुसरी गोष्ट. मी भूशास्त्रात बी.एस्सी. केलं, शाळेत विज्ञान शिकवते. बाबा पूजेचा संकल्प सोडल्याशिवाय चहासुद्धा घेत नाहीत. ब्रह्मगिरी म्हणजे त्यांच्यासाठी शंकराने जटा आपटल्या ती जागा. गौतम ऋषींसाठी गंगा उतरली, ऋषींनी कुशाने तिला अडवलं, ते कुशावर्त. माझ्यासाठी ब्रह्मगिरी म्हणजे एकावर एक साचलेले लाव्ह्याचे थर. लहानपणी यात भांडण नव्हतं. त्र्यंबकला गेलो की बाबा गोष्ट सांगायचे, मी दगड गोळा करायचे आणि आई माझे दगड आणि त्यांचा प्रसाद एकाच पिशवीत घालायची.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. त्यानंतर आम्ही दोघं या विषयावर बोललेलोच नाही. आता जगातल्या सगळ्यात मोठ्या दगडी वहीसमोर त्यांच्या शेजारी उभं राहायचं आहे, आणि तिथे काय बोलू ते मला सुचत नाही.

सह्यपाऊल | १८ डिसेंबर, रात्री १०.३५

ताई, सरावाला सांदण. दुसरं नाव घेऊ नका. घोटीवरून भंडारदरा, तिथून साम्रद. नाशिकहून सकाळी सहाला निघालात तर नऊ-साडेनऊपर्यंत गावात. पूर्ण दरी उतरायला पुढे दोर लावावे लागतात, ते बाबांना नको. पण तोंडाशी जाऊन भिंतींच्या मधे बसता येतं. पहिल्या पाण्याच्या डोहापर्यंत मोठाले धोंडे आहेत, तिथे गुडघा बघून ठरवा. गावातला वाटाड्या नक्की घ्या. जानेवारी चांगला.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवा. काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या सुरुवातीला मी एका ग्रुपबरोबर सांदणला गेलो होतो. नाव लिहीत नाही. आमच्या डोक्यावर ऊन होतं. पाऊस पठारावर पडत होता, तो आम्हाला दिसतच नव्हता. पायाच्या घोट्याला लागणारं पाणी बघता बघता गुडघ्याला आलं. ग्रुपचा म्होरक्या "थोडंच राहिलंय" म्हणत पुढे रेटत होता. वाटाड्या मात्र एक शब्द न बोलता मागे वळला आणि आम्ही त्याच्या मागे. म्हणून आज हे लिहितोय. घळीत आभाळाची फक्त एक पट्टी दिसते, तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही. तिकडे ॲरिझोनातही अँटिलोप कॅन्यनमध्ये ऑगस्ट १९९७ मध्ये असंच झालं. लांब कुठेतरी वादळी पाऊस पडला, त्याचा लोंढा अरुंद घळीत आला आणि ११ पर्यटक गेले. तिथे आता नावाहो या तिथल्या मूलनिवासी जमातीच्या वाटाड्याशिवाय जाताच येत नाही, आणि ते योग्यच आहे.

सागवारो | १९ डिसेंबर, सकाळी ८.१०

मी मूळची नाशिकच्या सिडकोची, आता बारा वर्षं फिनिक्सजवळ. तुमच्या प्रश्नांची उत्तरं एकेक देते.

फिनिक्सपासून दक्षिण काठ साधारण ३७० किलोमीटर, चार तास धरा. एका दिवसात जाऊन यायचा मोह टाळा. दोन रात्री तरी काठावरच्या गावात किंवा बाहेर तुसायानला राहा. काठाची उंची सुमारे २,१०० मीटर आहे, म्हणजे कळसूबाईच्या शिखराहूनही साडेचारशे मीटर वर. बाबांना पहिल्या दिवशी धाप लागेल. त्या दिवशी फक्त बाकावर बसून बघू द्या, पाणी पाजत राहा. मेमध्ये दुपार छान असते पण पहाटे कडाक्याची थंडी, कानटोपी आणि स्वेटर हवाच. मॅथर पॉइंटचा सूर्योदय चुकवू नका. काठाने फुकट बस फिरते, गाडी एका जागी लावून ठेवा. परदेशी पाहुण्यांचं प्रवेशशुल्क २०२६ पासून बरंच वाढलंय, निघण्याआधी बघून घ्या.

खाली उतरू नका. आपल्या गडांवर आधी चढ असतो, दमलो की उतरून घरी येतो. इथे उलटं. उतरताना सगळे हसत जातात, चढ शेवटी येतो आणि तळाशी उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असतो.

बाबांसाठी खास एक जागा आहे, ट्रेल ऑफ टाइम. यावापाईच्या भूशास्त्र संग्रहालयापासून गावाकडे जाणारी सपाट, फरसबंद पायवाट. चाकाची खुर्चीसुद्धा जाते. जमिनीत दर मीटरला पितळी खूण बसवली आहे आणि एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं. दरीतल्या प्रत्येक थराचा एकेक मोठा धोंडा ज्याच्या त्याच्या वयाच्या जागी मांडून ठेवला आहे. हात लावायला पूर्ण मुभा. माझ्या सासूबाईंनी प्रत्येक धोंड्याला नमस्कार केला होता.

विवेकवाट | १९ डिसेंबर, दुपारी १.२०

गोदातीर ताई, मनापासून सांगतो. वडिलांशी प्रेमानं बोला, पण खरं तेच बोला. "दोन्ही खरं" असं म्हणत गोलगोल बोललात तर त्यांचाही मान राहत नाही. ७५ वर्षांच्या माणसाला सत्य पेलत नाही असं आपण का धरून चालतो?

गोदातीर | १९ डिसेंबर, रात्री ९.१५

सागवारो, तुमच्या सासूबाईंचं वाचून डोळे भरले. सह्यपाऊल, सांदण ठरलं.

विवेकवाट, तुमचं म्हणणं मला पटतं, आणि तिथेच माझं दुखतंय. काय झालं ते सांगते. आईच्या अस्थी रामकुंडात सोडल्या तेव्हा बाबा म्हणाले, "इथे साडेतीन तासांत अस्थींचं पाणी होतं, तिला आता कुठेच जावं लागणार नाही." नाशिकमध्ये लहानाचे मोठे झालेल्या प्रत्येकाने हे ऐकलेलं असतं. मी त्या क्षणी, हातात रिकामं मडकं घेऊन, म्हणाले, "बाबा, हाडातलं कॅल्शियम असं विरघळत नाही." माझा आवाज शाळेतला होता. गुरुजी थांबले. बाबा काही बोलले नाहीत. घाटाच्या पायऱ्या चढताना त्यांनी माझा हात धरला नाही, भिंत धरली.

मी खोटं बोलले नव्हते. पण मी ते का बोलले? मला रडू येत होतं आणि रडण्याऐवजी मी रसायनशास्त्र बोलले.

निवृत्तीपायी | २० डिसेंबर, पहाटे ५.४०

माउली, तुमचं लिहिणं वाचलं. मी त्र्यंबकची वारी करणारा माणूस. पौष वद्य एकादशीला निवृत्तीनाथांच्या यात्रेला दिंड्या येतात, तेव्हा ब्रह्मगिरी धुक्यात असतो. डोंगर किती कोटी वर्षांचा हे मला कुणी सांगितलं तर मला आनंदच होतो. माझा देव डोंगराच्या वयावर उभा नाही. वडिलांना घेऊन या एकादशीला या. काही बोलू नका, नुसतं चाला. चालताना बोलणं आपोआप सुटतं.

काळवत्री | २० डिसेंबर, सकाळी ११.०५

नाशिक-सिन्नर पट्ट्यात खडकांवर काम केलेला माणूस म्हणून थोडं लिहितो.

बाबांना सगळ्यात आधी एक फरक सांगा, तो चुकला की पुढचं सगळं चुकतं. दरीचं वय वेगळं आणि दगडाचं वय वेगळं. कोलोरॅडो नदीने ही दरी गेल्या ५०-६० लाख वर्षांत कोरली. जमीन वर उचलली जात होती, नदी खाली कापत होती. पण जो दगड कापला तो कितीतरी जुना. काठावर तुमच्या पायाखाली असेल तो कैबाब चुनखडक, २७ कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्राचा तळ. त्यात शिंपले सापडतात. तळाशी नदीलगत दिसणारे काळपट, पिळवटलेले खडक सुमारे १७५ कोटी वर्षांचे आणि एक तर १८४ कोटींचा. दरीची लांबी ४४६ किलोमीटर, सगळ्यात रुंद जागी २९, खोली १,८०० मीटरच्या वर. कळसूबाई समुद्रसपाटीपासून उचलून आत ठेवलं तरी शिखर काठाच्या खालीच राहील.

आपला सह्याद्री ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे तिकडचा काठावरचा, सगळ्यात वरचा थर साचून झाला, त्यानंतर वीस कोटी वर्षांनी आपल्याकडे लाव्हा वाहू लागला. आपण ज्याला पुराणपुरुष मानतो तो ब्रह्मगिरी त्या काठापुढे तरुण आहे. मला स्वतःला हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा दोन दिवस दुसरं काही सुचलं नव्हतं.

आणि हे वय कुणी अंदाजाने ठरवलेलं नाही. झिरकॉन नावाचे बारीक स्फटिक असतात, त्यात जन्मतःच थोडं युरेनियम अडकतं आणि ठरलेल्या गतीने त्याचं शिसं होत जातं. किती युरेनियम उरलं, किती शिसं झालं ते मोजायचं.

जाताना कसारा घाटातून जात असाल तर दोन काळ्या थरांच्या मधे विटकरी पट्टा दाखवा. एक लाव्हा थंड झाला, त्याची माती झाली, पुढचा लाव्हा येऊन त्या मातीवर पसरला आणि ती भाजली. मधला विसावा त्या पट्ट्यात आहे. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयातही एकदा न्या. लाव्ह्यातल्या बुडबुड्यांच्या पोकळीत वाढलेले झिओलाइटचे स्फटिक बघून देवभोळा आणि नास्तिक दोघंही सारखेच गप्प होतात.

बाबांना आवडेल असं अजून एक. त्या तळाच्या खडकांची नावं विष्णू शिस्ट, ब्रह्मा शिस्ट आणि रामा शिस्ट (शिस्ट हा खडकाचा एक प्रकार). क्लॅरेन्स डटन या अमेरिकी भूशास्त्रज्ञाने १८८०च्या सुमारास तिथल्या सुळक्यांना विष्णू टेंपल, शिवा टेंपल अशी नावं दिली. पुढे तीच रीत पडली, बुद्ध आणि झरथुष्ट्रही आले, आणि खडकांनाही तशीच नावं मिळाली.

पिंपळपार | २० डिसेंबर, सकाळी ११.४०

रामा शिस्ट! पंचवटीत राहून हे आजच कळलं. काळवत्री दादा, मनःपूर्वक धन्यवाद.

विवेकवाट | २० डिसेंबर, दुपारी १२.३०

माहिती उत्तम. फक्त एक विनंती. नावं डटनने दिली, त्याला पूर्वेकडच्या देवांची नावं भव्य वाटली म्हणून. यावरून "अमेरिकेत विष्णू सापडला" असा निष्कर्ष कुणी काढू नये. असे संदेश फिरायला वेळ लागत नाही.

शरणपूर_रोड | २० डिसेंबर, संध्याकाळी ७.५०

मी ख्रिस्ती कुटुंबातली, तीन पिढ्या नाशिकच्या. हा प्रश्न फक्त तुमच्या घरातला नाही म्हणून लिहिते. अमेरिकेत काही मंडळी बायबलचे सहा दिवस शब्दशः धरतात आणि ही दरी नोहाच्या महापुरात एका झटक्यात कोरली गेली असं सांगतात. माझ्या आत्याचंही तेच मत होतं. मी तिला एकदा विचारलं, "आत्या, खालचा थर आधी आणि वरचा नंतर, हा नियम कुणी मांडला माहीत आहे?" निकोलस स्टेनो या डॅनिश माणसाने, १६६९ साली. पुढे तो बिशप झाला, आणि १९८८ मध्ये पोपनी त्याला धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. ज्याने दगडाचे थर वाचायला शिकवलं तो रोज गुडघे टेकून प्रार्थना करत होता. आत्याचं मत बदललं नाही, पण त्यानंतर ती मला "तू श्रद्धा सोडलीस" असं कधी म्हणाली नाही.

गोदातीर, रामकुंडावर जे झालं त्याबद्दल वडिलांशी एकदा सरळ बोला. दरीची वाट बघू नका.

पिंपळपार | २० डिसेंबर, रात्री ८.१५

एक शंका. कॅन्यनला मराठीत काय म्हणायचं? पाठ्यपुस्तकात घळई होतं.

सह्यपाऊल | २० डिसेंबर, रात्री ८.३०

घळई बरोबर. आम्ही डोंगरात घळ म्हणतो. चढायची-उतरायची अरुंद वाट असेल तर नाळ. सांदणला दरी म्हणतात, पण आत उभं राहिल्यावर ती घळच.

गोदातीर | २८ डिसेंबर, रात्री १०.२०

आज सकाळी जे घडलं ते ताजं असतानाच लिहिते.

ट्रेल ऑफ टाइमचं मी बाबांना सांगितलं. एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं. ते काही बोलले नाहीत. पंचांगाच्या मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने आकडे मांडत बसले. तासाभराने मला हाक मारली. "हे बघ. चार युगं मिळून ४३ लाख २० हजार वर्षं. म्हणजे सव्वाचार मीटर. आणि श्वेतवाराह कल्प सुरू होऊन १९७ कोटी वर्षांच्या वर झाली. म्हणजे दोन किलोमीटरला थोडं कमी. चल, चालून बघू."

आम्ही रोज जातो तिथेच गोदापार्कला गेलो. त्यांच्या पावलाचं माप मी आधी टेपने घेतलं, दोन पावलांना जेमतेम मीटर. हातात खडू. सुरुवातीची रेघ मारून त्यांनी तिला "आज" म्हटलं.

पहिल्या रेघेपासून दोन मिलिमीटरवर मी नखाने खूण केली. "बाबा, ही पांडवलेणी, सातवाहन." त्यांनी चष्मा वर करून बघितलं. कलियुग पाच मिलिमीटर, माझ्या करंगळीचं नखही त्याहून मोठं. सव्वाचार मीटरवर चार युगं संपली, तिथे बाबा थोडे थांबले. "एवढंच?" असं हळूच म्हणाले. पाच-सहा मीटरवर मी सांगितलं, इथून नदीने दरी कोरायला घेतली. ६६ मीटरवर एका बाकाच्या पायाशी मी रेघ मारली. "हा आपला ब्रह्मगिरी. काळा दगड इथे ओतला गेला." ते बाकावर बसले, मागे वळून "आज"च्या रेघेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आणि तुझी आई?"

दोन वर्षं. मी मनात भागाकार केला. एका मिलिमीटरचा पाचशेवा भाग. खडूच्या धुळीचा कणही त्याहून जाड. मी तसं सांगितलं.

"म्हणजे अजून इथेच आहे," बाबा म्हणाले, आणि उठून चालायला लागले.

२७० ला कैबाबचा शिंपल्यांचा समुद्र. त्याच्या पुढे बराच वेळ आम्ही नुसते चाललो. पाचशेच्या थोडं पुढे गेल्यावर मी सांगितलं, तिकडे दरीत बऱ्याच ठिकाणी इथून थेट १,७५० चा दगड लागतो, मधल्या १२० कोटी वर्षांचे थरच नाहीत, झिजून वाहून गेले. हे बाबांना फार लागलं. "दगडसुद्धा?" असं दोनदा विचारलं. १,७५० ला विष्णू. त्यांनी तिथे हात जोडले. १,८४० ला तिथला सगळ्यात जुना खडक. १,९७० ला त्यांचा कल्पारंभ. दोन्ही खुणांमध्ये गोदापार्कचे तीन-चार दिव्यांचे खांब, एवढंच अंतर.

बाबांचा चेहरा मी शब्दांत लिहू शकत नाही.

निवृत्तीपायी | २९ डिसेंबर, पहाटे ५.१५

राम कृष्ण हरी.

विवेकवाट | २९ डिसेंबर, सकाळी ९.००

ताई, तुमची पोस्ट तीनदा वाचली. "अजून इथेच आहे" वर मी थांबलो. मला त्याच्यावर काही म्हणायचं नाही.

पण इतर वाचकांसाठी एक गोष्ट नोंदवायलाच हवी, नाहीतर मला झोप लागणार नाही. १९७ कोटी आणि १८४ कोटी जवळ येणं हा योगायोग आहे. १८४ कोटी हे त्या एका दरीतल्या एका खडकाचं वय आहे. पृथ्वी ४५४ कोटी वर्षांची आहे आणि जगात इतरत्र याहून जुने खडक आहेत. कल्पाचा आकडा युगांच्या गुणाकारातून आणि ग्रहगणितातून आला, दगड मोजून आलेला नाही.

काळवत्री | २९ डिसेंबर, सकाळी १०.२५

विवेकवाट यांच्याशी शंभर टक्के सहमत. एक भर मात्र घालतो. युरोपात १७ व्या शतकात जगाचं वय सहा हजार वर्षं धरत होते. तिथल्या भूशास्त्रज्ञांना आधी लोकांच्या मनात लांब काळासाठी जागा करावी लागली. आपल्याकडे साधा पूजेला बसलेला माणूस रोज तोंडाने "द्वितीये परार्धे, श्वेतवाराहकल्पे, वैवस्वतमन्वंतरे" म्हणतो. आकडे चूक असतील, पण कोटींची सवय जिभेला आहे. शिकवणाऱ्याला हे फार मोठं भांडवल आहे. मी खेडेगावातल्या मुलांना ६.६ कोटी सांगतो तेव्हा ती दचकत नाहीत, "कोणतं मन्वंतर?" विचारतात.

गोदातीर | २९ डिसेंबर, रात्री ९.३०

विवेकवाट, बाबांना हे मी कालच सांगितलं. जशाच्या तसं. ४५४ सुद्धा सांगितलं. ते म्हणाले, "मग आपण अजून अडीच किलोमीटर चालायला हवं होतं." पुढच्या रविवारी जाणार आहोत.

गोदातीर | १८ जानेवारी, रात्री ८.४५

सांदणहून आलो. सह्यपाऊल, तुम्ही सांगितलं तसंच केलं. साम्रदला वाटाड्या घेतला, त्याने बाबांसाठी काठी आणली होती. तोंडापासून थोडं आत, पहिल्या डोहाच्या अलीकडे एका सपाट धोंड्यावर बाबा बसले. दोन्ही बाजूंनी काळ्या भिंती सरळ वर गेलेल्या, डोक्यावर आभाळाची निळी फीत. दुपारीही तिथे ऊन खाली पोहोचत नव्हतं. पाणी कुठेतरी टपटपत होतं.

बाबांच्या खांद्याशी भिंतीत अंगठा मावेल एवढी पोकळी होती. आत पांढऱ्या सुया पंख्यासारख्या उमललेल्या, झिओलाइट. मी सांगितलं, लाव्हा निवताना अडकलेल्या वाफेचा हा बुडबुडा, मग लाखो वर्षं पाणी झिरपत राहिलं आणि त्यातून या सुया वाढल्या. त्यांनी अंगठा आत घातला नाही, नुसता कडेला टेकवला. "हा ६६ वा मीटर ना?" हो म्हटलं.

तिथेच मी बोलले. "बाबा, रामकुंडावर मी जे बोलले त्याची मला फार खंत आहे." ते बराच वेळ पाण्याकडे बघत होते. म्हणाले, "तू खोटं नाही बोललीस. पण त्या वेळी मला तुझा हात हवा होता, कॅल्शियम नको होतं." मग थोड्या वेळाने, "मलाही तुझा हात धरता आला असता. मी भिंत धरली."

परतताना रतनवाडीला अमृतेश्वराच्या देवळात गेलो. बाबांनी खांबावर बोटं फिरवली आणि एकदम विचारलं, "इथे बुडबुडे का नाहीत?" मी म्हटलं, कारागिरांनी बिनपोकळीचा घट्ट थर निवडला, बुडबुड्यांच्या दगडात असं बारीक नक्षीकाम टिकलं नसतं. ते म्हणाले, त्यांच्या लहानपणी पंचवटीत पाथरवट लेनमध्ये कारागीर दगडाला हातोडीने ठोकून आवाज ऐकायचे. भरीव दगड घंटेसारखा वाजतो, पोकळ असेल तर बद्द आवाज. घरी येईपर्यंत ते मला दगडाबद्दल सांगत होते आणि मी ऐकत होते. असं कधी झालं नव्हतं.

सह्यपाऊल | १८ जानेवारी, रात्री ९.१०

ताई, डोळ्यात पाणी. वाटाड्याला माझा नमस्कार सांगायला हवा होता.

सागवारो | १९ जानेवारी, सकाळी ७.३०

वाचून फार बरं वाटलं. दोन सूचना, बाबांना आधीच समजावून ठेवा. तिथला एकही खडा उचलून आणायचा नाही, कायद्याने गुन्हा आहे. आणि दरीत काही सोडायचंही नाही, ना फुलं ना पाणी. ती जागा तिथल्या ११ मूलनिवासी जमातींची पवित्र भूमी आहे. होपी लोक मानतात की त्यांचे पूर्वज याच दरीतल्या एका जागेतून या जगात वर आले. आपण गंगाद्वाराशी जसे वागतो तसं तिथे वागावं.

गोदातीर | १९ जानेवारी, रात्री ९.००

होपींचं बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी गोदावरीचं पाणी बाटलीत भरून न्यायचं ठरवलं होतं, ते लगेच रद्द केलं. "त्यांच्या देवाच्या दारात आपण आपलं पाणी कशाला ओतायचं?" म्हणाले. फक्त काठावर उभं राहून सकाळचा संकल्प म्हणणार. त्यासाठी एक प्रश्न आहे आणि तो खरंच त्यांनी विचारायला सांगितला आहे. संकल्पात आपण जागा सांगतो, जंबुद्वीपे भरतखंडे दंडकारण्ये देशे. अमेरिकेत काय म्हणायचं?

सागवारो | २० जानेवारी, सकाळी ६.५०

इथले गुरुजी क्रौंचद्वीपे म्हणतात. पुढे नदी आणि तीर सांगायचा. आमच्याकडे वास्तुशांतीला जवळच्या नदीचं नाव घेतलं होतं.

गोदातीर | २० जानेवारी, रात्री ९.४०

खूप खूप आभार. तिकिटं आज काढली, ४ मेची.

आमचं घर जुन्या नाशकात, पंचवटीच्या पलीकडच्या तीरावर. बाबा साठ वर्षं रोज "गोदावर्याः दक्षिणे तीरे" म्हणत आले आहेत. आज संध्याकाळी देवघरासमोर बसून त्यांनी नवा संकल्प वहीत उतरवला. भरतखंडे खोडलं, दंडकारण्ये खोडलं, गोदावर्याःच्या जागी कोलोरॅडो लिहून षष्ठी विभक्ती कशी चालवायची यावर बराच वेळ घालवला. मग पुढच्या शब्दावर पेन्सिल थांबली. "आपण नदीच्या कुठल्या काठावर उभे राहणार?" दक्षिण, मी म्हटलं. त्यांनी पेन्सिल ठेवली, आणि म्हणून बघितलं, एकदा हळू, एकदा मोठ्याने.

"दक्षिणे तीरे."